श्रद्धावंतानें रडावें काय?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका ख्रिस्ती कुटुंबावर मोठा दुःखाचा प्रसंग ओढवला. घरांतली नऊ वर्षांची मुलगी तापाच्या दुखण्यानें दोन आठवड्यांत गेली. आम्ही समाचाराला गेलों तेव्हां घर माणसांनीं भरलें होतें. मुलीची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर मुलीचा शाळेचा झगा होता. ती त्याची घडी मोडी, पुनः घाली, आणि पुनः मोडी. थोड्या वेळानें तिला हुंदका आवरेना व ती मोठ्यानें रडूं लागली. तोंच जवळ बसलेले एक वयोवृद्ध आणि खरोखर भाविक गृहस्थ तिच्याकडे वळून मृदु स्वरानें म्हणाले, "मुली, रडूं नकोस. लेकरूं प्रभूजवळ गेलें आहे. तूं अशी रडलीस तर तुझा विश्वास तो काय राहिला?" त्या बाईनें पदराचा बोळा तोंडांत धरला आणि ती गप्प झाली. पुढें कित्येक महिने ती तशीच गप्प होती.

त्या गृहस्थांच्या हेतूविषयीं आम्हांस तेव्हांहि शंका नव्हती व आजहि नाहीं. पण त्यांच्या त्या एका वाक्यानें जो प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला तो अद्याप गेलेला नाहीं. ज्या ग्रंथाच्या आधारें त्यांनीं त्या आईचे अश्रु थांबविले, तो ग्रंथ अश्रूंविषयीं खरोखर असें म्हणतो काय? शोक, क्रोध, भय, निराशा हे श्रद्धेचे शत्रु आहेत आणि ते मनांत उद्भवले म्हणजे श्रद्धा उणी पडली असें समजावें, असा बायबलाचा उपदेश आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. ज्या घरांत मृत्यु येतो, ज्या घरावर अन्याय होतो, त्या प्रत्येक घरांत तो विचारला जातो. आणि त्याचें उत्तर चुकलें तर शोकानें अगोदरच वांकलेल्या पाठीवर आपण अपराधाचेंहि ओझें ठेवतों. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या मराठींत मनाच्या ह्या वृत्तींना दोन नांवें आहेत. आपण त्यांना 'भावना' म्हणतों आणि 'मनोविकार' असेंहि म्हणतों. पहिला शब्द आदराचा आहे, दुसरा संशयाचा. विकार म्हणजे मूळ स्थितींत झालेला पालट. दुधाचें दहीं होणें हा जसा दुधाचा विकार, तसा क्रोध हा मनाचा विकार, असा ध्वनि त्या शब्दांत आहे. षड्रिपूंची यादी आपण लहानपणींच पाठ केलेली असते व तींत क्रोध दुसऱ्या क्रमांकावर बसलेला असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील स्थितप्रज्ञ दुःखानें डगमगत नाहीं आणि सुखानें हुरळत नाहीं, हेंहि आपल्या कानांवरून गेलेलें असतें. त्या आदर्शाची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्या मराठी घराण्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्या हातीं ग्रंथ नवा आला, शब्द मात्र पूर्वींचेच राहिले. आणि जुन्या शब्दांच्या चष्म्यांतून नवा ग्रंथ वाचला म्हणजे त्यांत नसलेल्या गोष्टीहि दिसूं लागतात.

हा दोष आपल्या एकट्यांचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजांत तो फार पूर्वीं शिरला, आणि तिकडे तो ग्रीक तत्त्वज्ञानांतून आला. इ. स. पू. ३०० च्या सुमारास झेनो यानें अथेन्स नगरींत ज्या स्तोइक पंथाचा पाया घातला, त्या पंथाचें ध्येय विकारांच्या तडाख्यांतून सर्वस्वीं सुटलेलें मन हें होतें. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला एपिक्टेटस हा त्या पंथाचा एक थोर आचार्य. तो पूर्वाश्रमींचा गुलाम होता, व त्याचें चरित्र खरोखरच आदरणीय आहे. त्याचा उपदेश असा कीं, शोक करणाऱ्या माणसाचें शब्दांनीं सांत्वन करावें, प्रसंग पडल्यास त्याच्याबरोबर हळहळावेंहि, परंतु आंतून मात्र हळहळूं नये ह्याची खबरदारी घ्यावी. पौलाची व ह्या पंथाच्या लोकांची अथेन्समध्यें गांठ पडली होती, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत सांगितलें आहे. तोच पौल रोम येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितांना, आनंद करणाऱ्यांच्या आनंदांत आणि रडणाऱ्यांच्या रडण्यांत भागीदार होण्यास सांगतो. बाहेरून रडावें व आंतून कोरडें राहावें, असा भेद त्याच्या उपदेशांत नाहीं. दोन्ही उपदेश जवळजवळ एकाच काळचे आहेत, पण मनुष्याच्या अंतःकरणाविषयींची त्यांची कल्पना अगदीं भिन्न आहे.

बायबलाची मूळ भाषा पाहिली तर हा भेद अधिकच स्पष्ट होतो. हिब्रू भाषेंत क्रोधाला जो नेहमींचा शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'नाक' असा आहे. रागावलेल्या माणसाचें नाक तापतें, आणि जो सहज रागावत नाहीं तो लांब नाकाचा, अशी त्या भाषेची धाटणी आहे. ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो अशीं माणसें आपल्याहि ओळखीचीं आहेत, तेव्हां मराठी वाचकाला ही धाटणी परकी वाटूं नये. दयेसाठीं असलेला हिब्रू शब्द 'गर्भाशय' ह्या शब्दाचा सख्खा नातलग आहे. नव्या करारांत येशूला लोकांचा कळवळा आला असें जेथें जेथें म्हटलें आहे, तेथें योजलेलें ग्रीक क्रियापद 'आंतडीं' ह्या अर्थाच्या शब्दापासून झालेलें आहे. आपल्याकडे आई म्हणते, लेकरासाठीं माझें आंतडें तुटतें. ग्रीक क्रियापदाचें ह्याहून चांगलें भाषांतर आम्हांस तरी सुचत नाहीं. भावनेला असें हाडामांसाचें नांव देणारी भाषा तिला वरवरचा मळ समजत नाहीं. मनुष्य जसा घडविला गेला आहे त्या घडणींतच ती भावनेला स्थान देते.

आतां प्रत्यक्ष प्रसंगांकडे वळूं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीं हन्ना नांवाच्या एका स्त्रीची कथा आहे. तिला मूल नव्हतें, आणि सवत तिला त्यावरून टोंचून बोले. शिलो येथील देवमंदिरांत ती रडत प्रार्थना करीत होती. तिचे ओंठ हालत होते पण आवाज बाहेर येत नव्हता. दाराशीं बसलेल्या एली याजकानें तें पाहिलें आणि ती दारू प्याली आहे असें ठरवून तिला दटाविलें. तिनें नम्रपणें उत्तर दिलें कीं, आपण प्यालेलों नाहीं, आपल्या मनांतलें दुःख परमेश्वरापुढें ओतीत आहों. एलीनें आपली चूक ओळखली आणि तिला आशीर्वाद दिला. ह्या छोट्या कथेंत आम्हांस मोठा बोध वाटतो. जो धर्माचा अधिकारी होता त्याला त्या बाईच्या शोकांत बेतालपणा दिसला. कथा सांगणाऱ्याला त्याच शोकांत प्रार्थना दिसली. समाचाराला जाणाऱ्या प्रत्येक भाविकानें उंबरठा ओलांडण्यापूर्वीं एलीची एकदां आठवण करावी.

स्तोत्रसंहितेंत एकशें पन्नास स्तोत्रें आहेत, व त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश स्तोत्रें विलापाचीं आहेत. देवाची स्तुति करण्यासाठीं जो ग्रंथ मंदिरांत गाइला जात असे, त्यांत देवाकडे केलेली तक्रार इतकी भरलेली असावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. बहुतेक विलाप शेवटीं आशेकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐशींवें स्तोत्र तसेंहि वळत नाहीं. मूळ हिब्रूंत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. संग्रह करणाऱ्यांनीं त्याला एखादी सांत्वनाची ओळ जोडली नाहीं, कीं तें गाळलेंहि नाहीं. विलापगीत ह्या पुस्तकाची रचना तर फारच विचार करण्याजोगी आहे. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभीं बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम उद्ध्वस्त केलें, त्या नाशाचीं हीं पांच गीतें. त्यांपैकीं पहिलीं चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमानें बांधलेलीं आहेत. ज्याच्या भोंवतीं सर्व कांहीं कोसळलें आहे, तो मनुष्य आपल्या आक्रोशाला निदान अक्षरांच्या क्रमाचा तरी आधार देतो. शोक दाबून टाकणें निराळें, आणि शोकाला वाट बांधून देणें निराळें. ह्या पुस्तकानें दुसरा मार्ग पत्करला आहे.

यिर्मया संदेष्टा ह्याहिपुढें जातो. देवानें आपल्याला फसविलें असा उघड आरोप तो विसाव्या अध्यायांत देवावरच करतो. त्याच अध्यायांत एका श्वासांत तो देवाचें स्तवन करतो, आणि लगेच दुसऱ्या श्वासांत आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. मराठी वाचकाला ह्यांत धर्मलंड माणूस दिसण्याचें कारण नाहीं. विठोबाशीं भांडणारी जनाबाई आणि देवाला खडसावणारे तुकोबा ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांना हें भांडण ओळखीचें वाटेल. परक्याशीं कोणी असें भांडत नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले तरी तुकोबांची संगत त्यांनीं सोडली नाहीं, ह्याचें एक कारण आमच्या मतें हेंच असावें. षड्रिपूंच्या यादीपेक्षां संतांच्या ह्या सलगीनें मराठी मनाला स्तोत्रकर्त्यांच्या अधिक जवळ नेलें आहे.

ईयोबाच्या पुस्तकांत तर आमच्या मूळ प्रश्नाचा जणूं निवाडाच झालेला आहे. ईयोबाचीं मुलें, संपत्ति, आरोग्य, सर्व गेलें. त्याचे तीन मित्र भेटीला आले, आणि त्याची दशा पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर कांहीं न बोलतां बसले. तेवढे सात दिवस त्यांचें वर्तन निर्दोष होतें. मग ईयोबानें तोंड उघडलें, आपल्या जन्माला शाप दिला, देवाला जाब विचारला. आणि मित्रांना वाटलें, आतां देवाची बाजू आपण सांभाळली पाहिजे. पुढचे कित्येक अध्याय ते शुद्ध सिद्धांताचीं भाषणें करतात. शेवटीं वादळांतून देव बोलतो. तो ईयोबालाहि त्याच्या अज्ञानाची जाणीव करून देतो. परंतु कोप करतो तो मित्रांवर, आणि सांगतो कीं ईयोब आपल्याविषयीं जसें नीट बोलला तसे ते बोलले नाहींत. देवाची वकिली करणारे दोषी ठरले, आणि देवापाशीं आक्रोश करणारा त्याचा सेवक ठरला. मित्रांपैकीं एकानेंहि देवाशीं एक शब्द काढलेला नव्हता. ते देवाविषयीं बोलले, ईयोब देवाशींहि बोलला.

नव्या करारांत सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बेथानीचा. येशूचा मित्र लाजर मरण पावून चार दिवस झाले होते. येशू तेथें आला तेव्हां मरीया त्याच्या पायां पडली, ती व तिच्याबरोबरचे लोक रडत होते, आणि येशूच्याहि डोळ्यांना पाणी आलें. योहानाचें शुभवर्तमान वाचणाऱ्याला ठाऊक असतें कीं थोड्याच वेळानें हा लाजरास थडग्यांतून बाहेर बोलावणार आहे. खुद्द येशूलाहि तें ठाऊक होतें. आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थांचा न्याय लावला तर येशूनें रडण्याचें कांहींच कारण नव्हतें. ज्याला पुनरुत्थानाची खात्री त्यानें रडूं नये, असा नियम असता तर तो सर्वांआधीं त्यालाच लागू पडला असता. पण मरीयेला तो रडूं नको असें म्हणत नाहीं. शुभवर्तमानकारानें तिच्या आक्रोशासाठीं एक क्रियापद योजलें आहे आणि येशूच्या अश्रूंसाठीं दुसरें, अधिक शांत असें. म्हणजे शोक सर्वांचा एकाच रीतीनें प्रकट झाला पाहिजे असेंहि नाहीं. त्याच ठिकाणीं येशूच्या मनाची स्थिति सांगतांना आणखी एक क्रियापद आलें आहे, जें ग्रीक भाषेंत घोड्याच्या फुरफुरण्याला लावीत असत. भाषांतरकार त्याचा अर्थ बहुधा सौम्य करतात, परंतु त्यांत संतापाची छटा आहे. मृत्यूपुढें उभा राहिलेला येशू दुःखी होता, आणि बहुधा रागावलेलाहि होता.

त्याच्या रागाचा उल्लेख मार्कानें तर स्पष्टच केला आहे. शब्बाथ दिवशीं सभास्थानांत हात वाळलेला एक मनुष्य होता, आणि येशू त्याला बरें करतो कीं काय हें दोष लावण्याच्या इच्छेनें लोक टपून पाहात होते. त्यांच्या मनाचें काठिण्य पाहून येशूला खेद झाला व त्यानें त्यांच्याकडे रागानें पाहिलें, असें मार्क लिहितो. मत्तय व लूक हीच कथा सांगतात, पण रागाचा शब्द मात्र दोघांच्याहि लेखांत नाहीं. मार्कानें तो ठेवला हें आम्ही आपलें भाग्य समजतों. कारण त्या एका वाक्यांत राग आणि खेद शेजारीं शेजारीं आले आहेत, आणि आमच्या मतें पवित्र क्रोधाची हीच खूण आहे. ज्याच्यावर राग करावयाचा त्याच्याविषयीं ज्या रागांत वाईट वाटत नाहीं, तो राग कोणत्याहि तत्त्वाच्या नांवानें केला तरी आपलाच असतो. पुढें गेथशेमाने बागेंत तर येशू भयानें व दुःखानें ग्रासला गेला, आणि एकटें राहवेना म्हणून त्यानें तीन शिष्यांना जवळ थांबावयास सांगितलें. मरणाला हंसतमुखानें सामोऱ्या जाणाऱ्या ज्ञान्याचें चित्र शुभवर्तमानकारांनीं मुद्दाम रंगविलें नाहीं.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, मग मनांत उठेल ती प्रत्येक भावना योग्यच मानावयाची काय? शंका रास्त आहे. आमच्या काळांत एका टोकाकडून माणसें दुसऱ्या टोकाकडे धांवलेलीं दिसतात. ज्यांना पूर्वीं रडण्याची चोरी होती, तेच आतां मला असें वाटतें एवढ्याच आधारावर सर्व जगाचा निकाल लावूं पाहतात. बायबल ह्या दुसऱ्या टोकालाहि जात नाहीं. योनाची कथा पहा. निनवे शहर पश्चात्ताप करून वांचलें ह्याचाच योनाला राग आला. देवानें त्याला शिक्षा केली नाहीं. तुझें हें रागावणें बरें आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. मग सावली देणारी वेल उगवली, किड्यानें ती कुरतडली, उन्हानें डोकें तापलें, आणि योना वेलीसाठीं पुनः रागावला. तेव्हां देव म्हणतो कीं, जी वेल तूं लावली नाहींस तिच्यासाठीं तूं इतका हळहळतोस. तर मग ज्यांना उजवें-डावें कळत नाहीं अशीं एक लाख वीस हजारांवर माणसें आणि शिवाय पुष्कळ जनावरें असलेल्या शहरासाठीं मीं हळहळूं नये काय? पुस्तक ह्या प्रश्नावरच संपतें. योनाचें उत्तर आपल्याला कळत नाहीं, कारण तें आपल्यालाच द्यावयाचें आहे. योनाला राग आला हें देवानें ऐकून घेतलें. पण त्या रागाला न्यायासनावर मात्र बसूं दिलें नाहीं.

दावीद राजाच्या चरित्रांत शोकाचे दोन प्रसंग आहेत आणि ते एकमेकांजवळ ठेवून पाहण्यासारखे आहेत. त्याचें तान्हें मूल आजारी असतां तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता. मूल गेल्याचें कळतांच तो उठला, स्नान केलें, देवाला नमन केलें आणि जेवला. सेवक चकित झाले. पुढें बंड करून उठलेला मुलगा अबशालोम लढाईंत मारला गेला, तेव्हां हाच दावीद वेशीवरच्या खोलींत जाऊन मुलाच्या नांवानें असा आक्रोश करूं लागला कीं, त्याच्यासाठीं जीव धोक्यांत घातलेलें विजयी सैन्य पळपुट्यासारखें मान खालीं घालून नगरांत शिरलें. सेनापति यवाबानें त्याला कठोर शब्दांनीं उठविलें, आणि दावीद उठून वेशींत बसला. यवाब कांहीं साधु नव्हे; अबशालोमावर भाले त्यानेंच चालविले होते. तरीहि त्याचें म्हणणें त्या क्षणीं खरें होतें. एका मुलासाठीं रडतांना दुसऱ्या कित्येकांच्या मुलांचें देणें दावीद विसरला होता. ग्रंथ पहिल्या दाविदाला निष्ठुर म्हणत नाहीं कीं दुसऱ्याला दुबळा म्हणत नाहीं. एकाच बापाचा शोक दोन वेळां दोन रीतींनीं आला, आणि दुसऱ्या वेळीं कर्तव्यानें त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढेंच तो सांगतो.

सर्वांत अवघड प्रसंग एकशें सदतिसाव्या स्तोत्राचा. बाबेलला बंदिवासांत नेलेल्या लोकांचें तें गीत आरंभीं इतकें करुण आहे, आणि शेवटीं शत्रूच्या लेकरांच्या हत्येची जी इच्छा त्यांत बोलून दाखविली आहे ती इतकी भयंकर आहे, कीं पुष्कळ ठिकाणीं उपासनेंत तेवढा भाग गाळतात. ह्याचें समाधान आम्ही असें करतों कीं, त्या बंदिवानानें हातांत शस्त्र घेतलें नाहीं. मनांतलें विष त्यानें देवापुढें ओतलें व निकाल देवावर सोंपविला. ज्याच्या डोळ्यांदेखत स्वतःचीं लेकरें मारलीं गेलीं असतील, त्याला बैठकींत बसून क्षमेवर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. पण ख्रिस्ती मनुष्याला त्या इच्छेपाशींच थांबतांहि येत नाहीं, कारण वधस्तंभावर खिळलेल्यानें आपल्या मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागितली आहे. हें समाधान पुरेसें आहे असा आमचा आग्रह नाहीं. त्या ओळी वाचतांना आमच्याहि अंगावर कांटा येतो, आणि तो यावा हेंच बरें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत रागाला येऊं देण्याची मोकळीक आहे, पण सूर्य मावळेपर्यंतच. आणि पांचच ओव्यांनंतर सर्व प्रकारचा राग टाकून देण्याची आज्ञा आहे. राग पाहुणा म्हणून येईल तर येवो, त्यानें घरांत बिऱ्हाड करूं नये, असा ह्या दोन वचनांचा मेळ आम्ही घालतों.

आतां थोडें तत्त्वचर्चेकडे वळूं. भावना देवाच्या ठिकाणींहि आहेत काय? इंग्लंडच्या चर्चच्या १५७१ सालच्या एकोणचाळीस कलमांपैकीं पहिल्याच कलमांत देव शरीर, अवयव आणि विकार ह्यांवांचून आहे असें म्हटलें आहे. प्राचीन आचार्यांचेंहि मत बहुतांशीं तसेंच होतें. उलट उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत मनुष्याची दुष्टता पाहून देवाच्या अंतःकरणाला क्लेश झाले असें वर्णन आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायांत तर शौलाला राजा केल्याचा देवाला अनुताप झाला असेंहि आहे, आणि अनुताप करावयाला देव कांहीं मनुष्य नव्हे असेंहि आहे. लिहिणाऱ्याला हा विरोध दिसत नव्हता असें मानणें धाडसाचें होईल. आम्हांस ह्या कोड्याची किल्ली होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायांत सांपडते. तेथें हट्टी लेकराला टाकून द्यावें कसें ह्या विचारानें देवाचें काळीज कालवतें, आणि आपला संताप आवरण्याचें कारण तो असें देतो कीं, आपण देव आहों, मनुष्य नाहीं. इतरत्र देव मनुष्य नाहीं म्हणून पालटत नाहीं. येथें देव मनुष्य नाहीं म्हणूनच त्याची दया त्याच्या क्रोधापुढें हरत नाहीं. देवाच्या भावना आपल्याहून उण्या आहेत असें नव्हे. त्या आपल्यासारख्या मोडक्या प्रेमांतून निघालेल्या नाहींत.

हा 'प्रेमांतून' शब्द आम्हीं जाणूनबुजून योजला आहे, व तो आम्हीं आगुस्तीनाकडून घेतला आहे. ४१३ ते ४२६ ह्या वर्षांत लिहिलेल्या 'देवाचें नगर' ह्या ग्रंथाच्या चौदाव्या भागांत त्यानें स्तोइकांशीं हाच वाद घातला आहे. त्याचा आशय असा कीं, भय, इच्छा, दुःख व आनंद हीं चारीहि धार्मिक माणसाला होतात. त्याचें प्रेम योग्य ठिकाणीं असेल तर त्या भावनाहि योग्य असतात, आणि प्रेमच वांकडें असेल तर त्याहि वांकड्या होतात. परंतु ह्याच आगुस्तीनानें हा सिद्धांत मांडण्यापूर्वीं तो फार महाग किंमत देऊन विकत घेतला होता. ३८७ सालीं ओस्तिया बंदरांत त्याची आई मोनिका वारली. त्याला तेव्हां तेहतिसावें वर्ष चालू होतें. त्यानें आपल्या हातानें तिचे डोळे मिटले, पण आपल्या डोळ्यांतलें पाणी बळानें मागें लोटलें. त्याचा कोवळा मुलगा मोठ्यानें रडूं लागला तेव्हां सर्वांनीं त्याला गप्प बसविलें, कारण इतक्या धार्मिक बाईच्या मरणावर रडणें योग्य नाहीं असें त्यांना वाटलें. आगुस्तीन दफनाच्या वेळींहि रडला नाहीं. स्नानानें शोक धुतला जाईल ह्या आशेनें तो स्नानगृहांत गेला. शोक तसाच राहिला. शेवटीं निजून उठल्यावर, एकांतांत, देवासमोर तो रडला. 'कबुलीजबाब' ह्या आपल्या ग्रंथांत हें सर्व लिहून तो वाचकाला विनवितो कीं, आईसाठीं घटकाभर रडलों हें कोणाला पाप वाटलें तर त्यानें आपल्याला हंसूं नये. सोळाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या घरांतला तो दटावलेला मुलगा वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें त्या आईच्या हातांतला झगा उभा राहतो.

आतां राहिला पौल, ज्याच्या वचनांचा आधार रडूं नका म्हणणारे नेहमीं घेतात. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत सर्वदा आनंद करण्याचा उपदेश आहे, हें खरें. पण तें पत्र तुरुंगांतून लिहिलेलें आहे, आणि त्याच पत्रांत पौल आपला मित्र एपफ्रदीत ह्याच्या जीवावरच्या दुखण्याविषयीं लिहितांना सांगतो कीं, दुःखावर दुःख येऊं नये म्हणून देवानें त्याच्यावर व आपल्यावरहि दया केली. तो मित्र मरता तर पौल दुःखी झाला असता, आणि हें कबूल करण्याची त्याला लाज वाटत नाहीं. थेस्सलनीकाकरांस इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रांतलें वचन तर सांत्वनाला जाणारे वारंवार म्हणतात. पण त्यांतलें अर्धेंच त्यांच्या लक्षांत असतें. ज्यांना आशा नाहीं अशा इतरांसारखा खेद तुम्ही करूं नये, असा पौलाचा भाव आहे. खेदच करूं नये असें तो म्हणत नाहीं. आशेनें शोकाची जात बदलते. शोक नाहींसा होत नाहीं. गांवाला गेलेल्या माणसासाठीं रडणें व बुडालेल्या माणसासाठीं रडणें ह्यांत अंतर आहे, पण उंबरठा दोन्ही वेळां ओलाच होतो.

तेव्हां भावनेच्या बाबतींत ख्रिस्ती मनुष्यानें स्वतःला कोणता प्रश्न विचारावा? ही भावना मला आलीच कशी, हा प्रश्न बहुधा निरुपयोगी आहे. ती कोणत्या प्रेमांतून आली, आणि ती घेऊन मी कोणाकडे चाललों आहे, हे दोन प्रश्न मात्र खरे आहेत. पहिल्या प्रश्नानें योनाचा राग उघडा पडतो. दुसऱ्यानें हन्नेचा शोक प्रार्थना ठरतो. आणि दुसऱ्याची भावना समोर आली असतां तर एकहि प्रश्न विचारण्याची घाई करूं नये. ईयोबाच्या मित्रांनीं पहिल्या सात दिवसांत जें केलें तेंच आपण करावें.

त्या आईची हकीकत पुरी केली पाहिजे. पुढें जवळजवळ वर्षानें एके दिवशीं ती आमच्या घरीं आली असतां बोलतां बोलतां बेथानीचा विषय निघाला. आम्हीं कांहीं समजावून सांगितलें नाहीं. तो अध्याय तिनेंच वाचला. ज्या ठिकाणीं येशूच्या डोळ्यांत पाणी आलें त्या ठिकाणीं ती थांबली, आणि म्हणाली, "हें मला त्या दिवशीं कोणींच कसें सांगितलें नाहीं?" मग ती पुष्कळ वेळ रडली. आम्ही जवळ बसून राहिलों. तिला त्या दिवशीं हें सांगणारें कोणी नव्हतें असें नव्हे. आम्ही तेथेंच होतों, तो अध्याय आम्हांस ठाऊक होता, आणि एका वडीलधाऱ्या माणसापुढें कसें बोलावें ह्या संकोचानें आम्हीं तोंड उघडलें नाहीं. हा लेख त्या दिवशींच्या आमच्या मौनाची उशिरा दिलेली भरपाई आहे.